गाण्याची झडती

नाशिक रोडला 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यातही येत नाही. प्रेस म्हणजे नोटांचा, स्टॅम्पांचा छापखाना, आणि प्रेसवाला म्हणजे ज्याच्या घरी स्थळं चटकन येतात तो. माझे पप्पा प्रेसवाले. छापून आलेले कागद तपासायचे, हे त्यांचं काम. शाई कुठे फिकी पडली, कडेची रेघ कुठे हलली, हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माणूस रिटायर झाला, सवय काही झाली नाही. घरी लग्नपत्रिका आली की आधी खिडकीशी नेऊन उजेडात धरतात, मग कुणाचं लग्न आहे ते वाचतात. माझं दहावीचं मार्कशीटसुद्धा तसंच धरलं होतं. म्हणाले, "छपाई बरी आहे." मार्कांबद्दल दुसऱ्या दिवशी बोलले.

ड्युटी सुटली की गेटवर रोज झडती व्हायची. दोन्ही हात वर करून उभं राहायचं, शिपाई खिसे चाचपणार, मग बाहेर. मी लहान असताना घरात आमचा तोच खेळ होता. पप्पा दारात आले की मी ओरडायचे, "हात वर!" ते डबा खाली ठेवून गुमान हात वर करायचे. मी एकेक खिसा उलटा करायचे आणि कुठल्यातरी खिशात लिमलेटची गोळी सापडायची. "पकडलं, पकडलं!" आई आतून म्हणायची, "आता त्यांना आत येऊ दे, बाई." आणि पप्पा चहा पिता पिता ठरलेलं वाक्य बोलायचे, "आयुष्यात माझ्या हातून एक चिटोरं बाहेर गेलेलं नाही."

अशा घरात वाढलेली मुलगी संशयी नाही होणार तर काय होणार! मला कुणी काही छान दाखवलं की पहिला प्रश्न मनात येतो, यात गोम काय? मोबाइलवर नेता चिखलात उतरून भात लावताना दिसला की माझं लक्ष त्याच्या पँटच्या इस्त्रीकडे जातं. हिरॉइन रडली की मी बघते, काजळ पसरलं का. कुणी पुढारी आमच्यासारख्यांच्या घरी जमिनीवर बसून जेवताना दिसला की मी आधी पाण्याची बाटली शोधते. असतेच. ताटाशेजारी, सीलबंद, त्याची स्वतःची.

पाण्याचं हे खूळ आमच्या घरचंच आहे. आम्ही बौद्ध. पप्पांना लहानपणी गावात पाणी वरून ओंजळीत मिळायचं. त्यामुळे आजही घरी नवीन माणूस आला की आई पाणी आणते, आणि पप्पा पेपर वाचतोय असं दाखवून कडेने बघतात. पाहुणा पाणी पितो, की "आत्ताच पिऊन आलो" म्हणतो? "पिऊन आलो"वाले आमच्याकडे पुष्कळ येऊन गेलेत. चांगली माणसं, हसून बोलणारी. पप्पा त्यांना दारापर्यंत सोडतात आणि परत येऊन पेला मोरीत ओततात, इतकंच.

माझा दोस्त पहिल्यांदा घरी आला ते मे महिन्यात. कॉलेजात माझ्या वर्गात होता. निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, आणि याला बागेत काडीचा रस नाही. नाशिक रोडला खोली घेऊन राहायचा आणि दिवसभर लॅपटॉपवर गाण्यांचं संगीत जुळवत बसायचा. आईने पाणी दिलं. पप्पांचा पेपर वर गेला. हा मला आवडायचा, दोस्त म्हणून, आणि तो नापास झालेला मला परवडणार नव्हता. याने एका दमात पेला संपवला, दुसरा संपवला, आणि आईला म्हणाला, "लय ऊन हाय काकू, अजून असंल तं तांब्याच द्या." पेपर खाली आला. तो गेल्यावर पप्पा म्हणाले, "पोरगं बरं आहे." आमच्या घरात याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

मी तेव्हा फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचे, अजूनही तिथेच आहे. वाढदिवस, दशक्रिया, निवडणूक, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. कोणाचा चेहरा केवढा हे मला कळतं. वरच्या कोपऱ्यात मोठे साहेब, मधे उत्सवमूर्ती, आणि खाली शुभेच्छुकांची पोरं ओळीने, गॉगल लावून. "ताई, जरा गोरं करा ना," असं प्रत्येकजण कानाशी येऊन सांगतो. 'कार्यसम्राट' हा शब्द मला टाइप करावा लागत नाही, तयार करून ठेवलाय, उचलून चिकटवते. लोक याला कला म्हणत नाहीत आणि मीही म्हणत नव्हते. माझी कला माझ्या वहीत होती. मी गाणी लिहायचे.

कुंभमेळा जवळ येत होता म्हणून शहर उकरायला घेतलं होतं. आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता तर एका वर्षात इतक्या वेळा खोदला की कुत्रीसुद्धा खड्डा ओलांडायला शिकली. त्यावर मी लिहिलं:

खोदा रे खोदा, बुजवा रे बुजवा,
खड्ड्याच्या पोटात खड्डा नवा रुजवा.
पाइप टाकला, पाणी विसरले,
विचारायला गेलो तर साहेब घसरले.

दोस्ताने ते वाचलं आणि खोखो हसला. मग आठवडाभर गायब. परत आला तो आवाज घेऊन. जेसीबीचं बकेट डांबरावर आपटतं त्याचा धप्प आवाज त्याने रेकॉर्ड केला होता, तो झाला ठेका. मागे एक घरघर होती. म्हटलं हे काय रे? "बागेतला फवारणीचा ब्लोअर," म्हणाला. "बापाला वाटतं पोरगा घरी आला, कामाला लागंल. म्या ब्लोअरपुढं मोबाइल धरून बसलो." गावं मलाच लागलं. आवाज काही माझा गोड नाही, पण त्या गाण्याला गोड आवाज नकोच होता.

आमचे वादही व्हायचे. मी म्हणायचे, हल्लीची गाणी सगळी चोरीची. तो म्हणायचा, "तुमच्या जयंतीची निम्मी गाणी फिल्मी चालीवर, आमच्या गणपतीची बी त्याच चालीवर, आन् लग्नात बँडवाला बी तेच वाजवतो. चाल काय कुणाच्या बापाची असती का?" मी म्हणायचे, चाल कुणाची का असेना, शब्द कुणाच्या बाजूने उभे आहेत ते बघावं. "तू सगळंच उजेडात धरती," तो म्हणायचा. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

गाणं आम्ही अजून कुठेच टाकलं नव्हतं. माझाच हट्ट. पूर्ण निर्दोष झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. घरी पप्पांना मात्र ऐकवलं. त्यांनी ते स्वतःच्या फोनवर मागून घेतलं, म्हणाले कानाला लावून नीट ऐकतो. तीनदा ऐकलं आणि निकाल दिला, "दुसऱ्या कडव्याच्या आधी तुझा श्वास ऐकू येतो. तेवढं बघा." आवडलं की नाही, काही नाही. मी फणकारले, "पप्पा, हे गाणं आहे, स्टॅम्प नाही!"

मग महापालिकेची निवडणूक लागली. दुकानात आमची जेवायची पंचाईत झाली. एक 'भावी नगरसेवक' होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांचे बॅनर माझ्याकडेच होते. एका दुपारी मी त्यांची मान गोरी करत बसले होते आणि बाहेरून प्रचाराची रिक्षा गेली. धप्प. घरघर. धप्प. मी माउस सोडला.

जोडा रे जोडा, घडवा रे घडवा,
आपल्या दादांना सभागृही चढवा!

कुठल्यातरी पुरुषाचा जाडा, तेल लावलेला आवाज. पण खाली ठेका आमचा, ब्लोअर आमचा, चाल आमची. खड्ड्याचं गाणं, आणि त्या खड्ड्यांबद्दल ज्यांना कधी तोंड उघडावंसं वाटलं नाही, त्यांच्यासाठीच वाजत होतं. रस्त्यावरची शाळेतली पोरं लगेच नाचायला लागली. आणि स्क्रीनवर दादा हात जोडून हसत होते, मी गोरे केलेले.

संशय कुणावर घ्यायचा, याला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. माझ्या आवाजाशिवायचं नुसतं संगीत जगात एकाच माणसाकडे होतं. शिवाय त्याचा मामा दादांच्या प्रचारात फिरत होता, हे मला माहीत होतं. पुरावा डोळ्यासमोर असा मांडलेला की बोट ठेवायचंच बाकी.

त्याला मी दुकानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. तो हसत आला. त्याने अजून ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं नसल्याचं दाखवत होता, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. मी फोनवर रेकॉर्ड केलेलं ऐकवलं. त्याचा चेहरा उतरला.

"च्यायला," तो म्हणाला. "हे आपलंच हाय."

"आपलं नाही, माझं. तुझा मामा फिरतो ना त्यांच्याबरोबर?"

"फिरतो. मंग?"

"मग काय! शेवटी तुम्ही लोक एकमेकांचेच."

त्याने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. हळू आवाजात विचारलं, "तुम्ही लोक म्हंजे?"

मला अर्थ माहीत होता, त्यालाही माहीत होता. शब्द मागे घ्यायला अजून वेळ होता. मी घेतला नाही. उलट मला आतून बरं वाटलं, कसं सांगू, आपण पहिल्यापासून बरोबर होतो असं वाटण्यात एक घाणेरडं सुख असतं. दोन वर्षं हा माणूस आमच्या ताटात जेवला होता आणि मी जणू याच दिवसाची वाट बघत होते.

"तू ते नीट ऐकलं का?" त्याने विचारलं. "एकदा नीट ऐक."

"मला ऐकायला शिकवू नकोस."

तो उठला. चहा अर्धा तसाच होता. त्यानंतर त्याचा फोन नाही, मेसेज नाही. खोलीवर गेले तर कुलूप. शेजारच्याने सांगितलं, गावाला गेला, बागेची तोडणी लागलीय म्हणे. मी म्हटलं, बघा, पळाला.

घरी मी सांगितलं. आई म्हणाली, "तो तसा वाटला नाही गं." पप्पा पेपर वाचत होते. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता ना, पोरगं बरं आहे? पाणी पितो म्हणून सगळेच काही आपले नसतात." त्यांनी पान उलटलं. नेहमी मी तावातावाने बोलायला लागले की ते एखादी चूक काढतात. त्या दिवशी नाही काढली. मला वाटलं, त्यांनाही लागलंय.

आठवडा गेला. गाणं गल्लीतल्या पोरांना पाठ झालं. माझ्या मावशीने मला ते फॉरवर्ड केलं, खाली 'मस्त आहे ना?' आणि दोन नाचणाऱ्या बाहुल्या. मी दुकानात दादांचे बॅनर करतच होते. मालकाला सांगता आलं असतं की हे काम मी नाही करणार. नाही सांगितलं. चोरीचं गाणं ऐकून चिडायचं आणि चोराची मान गोरी करायची, हे माझं मला चालत होतं. हे दोस्ताने तोंडावर म्हटलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? पण त्याने ते म्हटलं नव्हतं.

मतदानाच्या चार दिवस आधीची गोष्ट. मी जेवायला घरी निघाले होते. रिक्षा कोपऱ्यावर थांबलेली, ड्रायव्हर पान खायला गेलेला, भोंगा चालूच. खड्ड्याच्या कडेने पलीकडे जाण्यासाठी मला तिथे थांबावं लागलं. पहिलं कडवं संपलं. मधला ठेका वाजला. आणि तो जाडा आवाज सुरू व्हायच्या आधी, अगदी क्षणभर, एक श्वास ऐकू आला.

माझा श्वास.

मी तिथेच उभी राहिले. पुन्हा वाजेपर्यंत थांबले. पुन्हा तिथेच, तसाच. दोस्ताकडच्या नुसत्या संगीतात श्वास असायचं कारणच नव्हतं. त्याला द्यायचं असतं तर त्याने स्वच्छ फाइल दिली असती. इथे कुणीतरी पुरं गाणं घेऊन त्यातून माझा आवाज पुसून काढला होता, आणि पुसणाऱ्याकडून एवढा एक श्वास राहून गेला होता. हल्ली फोनवरसुद्धा जमतं ते. म्हणजे पुरं गाणं कुणाकडून तरी गेलं होतं. माझ्या फोनमधून गेलं नव्हतं. मग उरलं कोण?

'एकदा नीट ऐक,' तो म्हणाला होता. तपासनीसाची मुलगी मी, आणि आठवडाभर भोंग्याने कानठळ्या बसवूनही मला ते ऐकू आलं नव्हतं.

घरी पप्पा खिडकीशी बसले होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"पप्पा, गाणं तुम्ही कुणाला पाठवलं होतं?"

त्यांनी चष्मा काढला. पेपरची नीट घडी घातली. मग उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले.

मी हे कधी विसरणार नाही. दोन्ही हात वर, गेटवर करायचे तसे, तळवे माझ्याकडे. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"कॉलनीच्या बागेत सकाळी आम्ही बसतो ना," ते म्हणाले. "एकाचा मुलगा जर्मनीत. एकाची सून मोठ्या साहेबाच्या हाताखाली. मला विचारतात, तुमची काय करते? मी सांगतो, फ्लेक्सच्या दुकानात. त्या दिवशी म्हटलं, थांबा, ऐकवतो. सगळे डोकी जवळ आणून ऐकत होते गं. एक म्हणाला, पाठव. पाठवलं. त्याचा पुतण्या ही प्रचाराची गाणी करतो, हे मला मागाहून कळलं. पहिल्याच दिवशी रिक्षा गेली तेव्हाच तुझा श्वास ओळखला मी."

"मग बोलला का नाहीत? मी त्याला काय काय बोलले, माहितीये तुम्हाला?"

"कोणत्या तोंडाने बोलू? चिटोरं बाहेर गेलं नाही, चिटोरं बाहेर गेलं नाही, जन्मभर तेच मिरवलं तुझ्यापुढे."

मी ओरडले त्यांच्यावर. खूप ओरडले. आई मधे पडली. आणि ओरडता ओरडताच माझ्या लक्षात आलं, की सबंध आठवड्यात मी दोस्ताच्या मामाला तपासलं, त्याच्या जातीला तपासलं, त्याच्या चहाच्या ग्लासाला तपासलं, आणि पप्पांचा विचार एकदाही डोक्यात आला नाही. त्यांच्या फोनमध्ये गाणं मीच पाठवलेलं. मीच. घरच्या माणसाला कोण मोजतं? पप्पांचे हात अजून वरच होते. मी पुढे होऊन ते खाली केले. गार पडले होते.

"आधी त्या पोराकडे जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात सुट्टी टाकली आणि निफाडची एसटी धरली. फाट्यावरून त्याच्या मळ्यापर्यंत चालत गेले, अर्धा तास, दुपारच्या उन्हात. दोन्ही बाजूंनी बागा, द्राक्षांच्या क्रेट्सचे ढीग, बायका घड कापत होत्या. मनात सगळं पाठ करून ठेवलं होतं, काय बोलायचं, कोणत्या क्रमाने. त्याचं घर आलं तशी मी सगळं विसरले.

ओट्यावर त्याची आई घड निवडत होती. "कोण गं, बाई?" म्हणाली. मी म्हटलं, याच्या कॉलेजातली. तिने बागेकडे तोंड करून हाक मारली. तो कात्री घेऊन आला, हाताला द्राक्षांचा चीक लागलेला. मला बघून ना हसला, ना चिडला. ओट्यावर लांब बसला.

"गाणं आमच्या पप्पांकडून गेलं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"बरं."

"तू म्हणाला होतास नीट ऐक. मी ऐकलं नाही."

"हं." तो कात्रीची पाती पायजम्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "आन् ते दुसरं?"

दुसरं म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. "तेही चुकलं," मी म्हटलं. "गाण्यापेक्षा तेच जास्त." डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझाच राग आला, कारण रडून सुटणाऱ्यांवर माझा कधी विश्वास बसलेला नाही.

तेवढ्यात त्याची आई आतून ताटली घेऊन आली. ताटलीत दोन पेले. एक स्टीलचा, रोजच्या वापरातला, पोचा आलेला. एक काचेचा, फुलांची नक्षी असलेला. स्टीलचा तिने पोरापुढे ठेवला, काचेचा माझ्या हातात दिला आणि पुन्हा घड निवडायला बसली.

मी ते पाणी सरळ पिऊन टाकलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी तो पेला बघितला. पाहुण्यांसाठी जपून ठेवतात तो हा काचेचा पेला, की आमच्यासारख्यांसाठी वेगळा ठेवतात तो? आडनाव तर तिने विचारलंही नव्हतं. याने घरी सांगितलं असेल का, मी कोण ते? इतक्या लांब माफी मागायला आले होते आणि माझा हात आपोआप वर गेला होता, पेला उन्हाकडे धरून मी बघत होते.

मान वळवली तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. आमच्या घरी पाण्याची हीच परीक्षा त्याची घेतली गेली होती, तेही त्याला पहिल्या दिवसापासून कळलं असणार.

त्याने स्वतःचा पेला उचलला, घटाघटा रिकामा केला आणि खाली ठेवला.

"बघून झालं असंल तं पी," तो म्हणाला. "उन्हातनं आलीस."